अप्पांचा पार्किन्सन्स आणि भावाने पाठवलेलं सप्लिमेंटचं खोकं

जुळे सोलापूरची लेक (रविवार, रात्री ११.१०)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, अप्पा, वय ६९. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर फिरायला लागलं, शेजारच्या अक्का विड्या वळताना फिरवतात तसं. मग अक्षर बारीक होत गेलं. दूधवाल्याच्या हिशेबाची वही मला भिंग लावून वाचावी लागायची. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला आणि सिंडोपा प्लस सुरू केली. सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६. गोळी चढली की अप्पा पहिल्यासारखे व्हायचे. दिवाळीपर्यंत रोज संभाजी तलावावर जाऊन फिरून यायचे, एकटे. शुगरही आहे, मेटफॉर्मिन ११ वर्षं चालू आहे.

माझा धाकटा भाऊ हडपसरला असतो. येणं होत नाही म्हणून त्याला फार लागून राहतं. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं आणि त्याने खोकं पाठवलं. त्यात प्रोटीन पावडर, क्यू-टेन (कोएन्झाइम क्यू-टेन, पेशींच्या ऊर्जेसाठी म्हणून मिळतं ते), व्हिटॅमिन ई, लोहवाली मल्टिव्हिटॅमिन, नसांसाठी म्हणून बी कॉम्प्लेक्सची गोळी आणि कवचबीज चूर्ण. महिन्याचे ६,८०० रुपये होतात. तो म्हणतो, "ताई, पैशाचं बघू नको, अप्पांना सगळं वेळेवर दे."

मी दिलं. सकाळची घाई, मुलांची शाळा, त्यातून चार-पाच दिवसांनी नळ आला की त्या दिवशी दुसरं काहीच सुचत नाही. म्हणून एकदाच उरकायचं ठरवलं: ८ वाजता सिंडोपा, सोबत सगळ्या गोळ्या आणि वरून प्रोटीन घातलेलं पेलाभर दूध. कवचबीज संध्याकाळी साडेपाचला चहाचा चमचा भरून, कोमट पाण्यात.

आता अप्पा सकाळी दहा वाजले तरी उठून उभे राहू शकत नाहीत. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पाय फरशीला चिकटतात. आणि संध्याकाळी सातच्या सुमारास उलटंच, मान आणि खांदे झोके घेतल्यासारखे हलत राहतात, बसल्या जागी. मळमळही सुरू झाली. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी मळमळीच्या गोळ्या दिल्या. ते पाच दिवस तर अप्पा लाकडासारखे झाले होते, घास तोंडात तसाच राहायचा.

मेंदूच्या डॉक्टरांची तारीख अजून साडेतीन आठवडे लांब आहे. खोक्याचं त्यांना सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो डॉक्टरांना असल्या गोष्टी पटत नाहीत, उगाच ओरडतील. अप्पा काही बोलत नाहीत. "पोराने पाठवलंय, घेतो की," एवढंच.

यातलं काय ठेवावं, काय बंद करावं? भावाचं मन मोडायचं नाहीये. पण अप्पांना उंबऱ्यापाशी तसं उभं पाहून माझा जीव तुटतो.

---

अक्कलकोट रोड (सोमवार, सकाळी ७.२५)

ताई, माझ्या सासूबाईंना दीड वर्षापासून क्यू-टेन देतोय. त्यांना तरतरी वाटते. आम्ही बंद करणार नाही. प्रोटीन तर या वयात हवंच, अंगावर मांस राहत नाही. भावाने प्रेमाने पाठवलंय, एकदम सगळं फेकून देऊ नका. मळमळीचं मात्र दाखवून घ्या.

---

निवृत्त मेडिकलवाला (सोमवार, दुपारी ३.४०)

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी ३४ वर्षं सोलापुरात औषधांचं दुकान चालवलं आणि माझ्या मिसेसना २००९ ते २०२१, बारा वर्षं पार्किन्सन्स होता. मी डॉक्टर नाही. सिंडोपाचा डोस किंवा वेळ माझ्या सांगण्यावरून बदलू नका, आणि ती अचानक बंद तर कधीच करू नका, त्याने अंग ताठून ताप चढून जिवावर बेतू शकतं. बाकी जे मला माहीत आहे ते सांगतो.

आधी मळमळीच्या गोळ्या. घरात पाकीट असेल तर आत्ता मागची बाजू वाचा. मेटोक्लोप्रमाइड लिहिलेलं असेल तर ते पाच दिवस अप्पा लाकडासारखे का झाले ते तिथंच कळेल. हे औषध मेंदूतला डोपामिनचा, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या रसायनाचा, रस्ता अडवतं. अप्पांकडे डोपामिन आधीच कमी, त्यावर हे कुलूप. चक्करेसाठी सर्रास देतात त्या प्रोक्लोरपेराझिनचंही तसंच. देणाऱ्याला पार्किन्सन्स आहे हे माहीत नसेल, मी त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही एका कार्डावर ही दोन नावं लिहा, "पार्किन्सन्सचा पेशंट, हे देऊ नये" असं, आणि ते कार्ड अप्पांच्या खिशात ठेवा. मिसेसच्या बटव्यात असायचं.

आता सकाळचा पेला. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथं आहे.

सिंडोपा प्लसमध्ये दोन औषधं असतात: लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा २५. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतो. कार्बिडोपा त्याला वाटेत, म्हणजे मेंदूच्या बाहेर, खर्च होऊ देत नाही. लेव्होडोपा स्वतः अमिनो आम्ल आहे. प्रोटीन पचलं की त्याचीही अमिनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला या सगळ्यांना दार एकच. गड्ड्याच्या यात्रेत एका फाटकातून किती माणसं जाणार? तुम्ही ८ वाजता अप्पांच्या एका गोळीसोबत पेलाभर दूध आणि चमचाभर पावडर, म्हणजे अख्खी गर्दी त्याच फाटकावर सोडली. त्यात गोळीचा रक्तातला जोर साधारण दीड तासात निम्मा होतो. फाटक मोकळं होईस्तोवर गोळी उतरलेली. त्यात मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह. ते पोटात लेव्होडोपाला धरून बसतं, मग तो नीट शोषला जात नाही.

म्हणजे अप्पांचा आजार दोन महिन्यांत एवढा वाढला असेलच असं नाही. सकाळची गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसावी. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण मला यात आशा दिसते, कारण हे सुधारता येतं.

गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा तास, किंवा खाल्ल्यावर एक-दीड तासाने. लोह त्या वेळेपासून निदान दोन तास लांब, तेही रक्त तपासून लोह कमी निघालं तरच. प्रोटीन बंद करू नका, अक्कलकोट रोडवाल्यांचं ते म्हणणं बरोबर आहे. या आजारात वजन उतरतं आणि मांस झडतं. पण डाळ, दूध, अंडं, पनीर रात्रीच्या जेवणाकडे सरकवा. दिवसा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक थोडं. आपली शेंगाचटणी मात्र लक्षात ठेवा. आपल्याला ती तोंडी लावणं वाटते, पण शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रोटीन असतं, आणि सोलापूरचा माणूस चटणी वाटीने खातो. आमच्या घरी दुपारची चटणी रात्री गेली तेव्हा मिसेसची दुपारची गोळी पुन्हा लागू व्हायला लागली. शुगर आहे म्हणून हा बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा.

क्यू-टेनवर लिहिताना मला थांबून थांबून लिहावं लागतंय. २०११ ते २०१४ मी मिसेसना क्यू-टेन दिलं. दुकानच माझं होतं, रोज रात्री शटर ओढायच्या आधी स्वतः काढून आणायचो. काहीतरी करतोय याचं मला समाधान होतं. मग मोठ्या चाचणीचा निकाल वाचला, २०१४ साली छापून आला होता. सहाशे पेशंट, काहींना रोज १,२०० मिलिग्रॅम, काहींना २,४००, काहींना नुसती खोटी गोळी. आजाराच्या वाढीत काही फरक नाही. व्हिटॅमिन ई तर त्याच्याही आधी निकालात निघालं होतं, १९९३ मध्ये, ८०० पेशंटवर, रोज २,००० युनिट देऊन. क्रिएटिनही तसंच, १,७४१ पेशंट, २०१३ मध्ये चाचणी मधेच थांबवली कारण उपयोग दिसेना. या तिन्हींबद्दल प्रयोगशाळेत आशा वाटली होती, माणसात उतरली नाही. सासूबाईंना तरतरी वाटते यावर माझा विश्वास आहे, मिसेसनाही पहिले दोन महिने वाटली होती. पण पैसे मोजून-मापून वापरायचे असतील तर ते इथे घालू नका.

मग कशात घालायचे? ज्याचा खोक्यात पत्ताच नाही त्यात. तपासणीत.

मिसेसच्या तळपायांना मुंग्या यायच्या, चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं. दोन वर्षं आम्ही ते पार्किन्सन्सच्या नावावर खपवलं. शेवटी बी-१२ तपासलं, १२८ निघालं, म्हणजे फारच कमी. आम्ही शाकाहारी, त्यात त्यांनाही शुगरसाठी मेटफॉर्मिन होतं, ते बी-१२ कमी करतं. शिवाय लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि बी-६ उतरतं आणि होमोसिस्टिन नावाचा घटक वाढतो. इंजेक्शनं घेतल्यावर चार महिन्यांत मुंग्या निम्म्या झाल्या. अप्पांना मेटफॉर्मिन ११ वर्षं आहे. उद्या सकाळी आधी ही तपासणी करा.

दुसरं व्हिटॅमिन डी. सोलापुरात ४२ डिग्री ऊन पडतं, आपल्याला वाटतं डी कशाला कमी होईल? पण पार्किन्सन्सचा माणूस घराबाहेरच पडत नाही. मिसेस २०१७ मध्ये मोरीत पडल्या, खुबा मोडला. तेव्हा पहिल्यांदा डी तपासलं. ९ होतं. दुकानात डीच्या पुड्या मी रोज विकत होतो, ताई, आणि घरात तपासलं नव्हतं. खुबा मोडल्यानंतर त्या पुन्हा मोकळ्या चालल्या नाहीत. डी घेतल्याने पार्किन्सन्स बरा होत नाही, पण हाडाला आधार मिळतो, आणि या आजारात माणूस पडतोच. कमी निघालं तर डॉक्टर साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी ठरावीक आठवडे देतात. तेवढेच आठवडे घ्यायची. वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेऊन कॅल्शियम वाढवून बसलेले पेशंट मी दुकानात पाहिलेत.

नसांच्या त्या गोळीवर बी-६, पायरिडॉक्सिन, किती आहे ते वाचा. पूर्वी लेव्होडोपा कार्बिडोपाशिवाय देत, तेव्हा बी-६ने औषध वाटेतच खर्च व्हायचं म्हणून त्यावर बंदीच होती. आता कार्बिडोपा सोबत असल्याने ती भीती बरीच कमी झाली. पण मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर बी-६च नसा बिघडवतं, पाय बधिर करतं. दोन-दोन गोळ्यांतून ते जात असेल तर बेरीज करा.

कवचबीजाबद्दल इथल्या वैद्यबाई माझ्यापेक्षा नीट सांगतील. फक्त एवढंच म्हणतो, ते सप्लिमेंट नाही. त्यात लेव्होडोपाच आहे, आणि तो जास्त झाला की अंग असं आपोआप हलतं. संध्याकाळी सातच्या त्या झोक्यांचं कारण तिथं शोधा.

आणि तारखेपर्यंत थांबू नका. उद्या फोन करा, खोक्यातल्या सगळ्या डब्यांचे फोटो काढून न्या. ओरडले तर ओरडू देत. मी दुकानदार म्हणून सांगतो, पेशंट काय काय घेतो हे लपवलं की डॉक्टर चुकीच्या गोष्टीवर डोस वाढवतात. सकाळी गोळी लागू होत नाही एवढंच सांगितलंत तर ते सिंडोपा वाढवतील, आणि संध्याकाळचे झोके आणखी वाढतील.

---

वैद्य, बाळीवेस (सोमवार, रात्री ९.१५)

मेडिकलवाल्या काकांनी माझं काम सोपं केलं. कवचबीज म्हणजे आपली खाजकुइली. शेंगेवरची कूस अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो, तीच. ग्रंथांत आत्मगुप्ता, कपिकच्छू. मी स्वतः ते वापरते, त्यामुळे त्याला नावं ठेवायला मी लिहीत नाहीये.

१९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. पार्किन्सन्सवर लेव्होडोपा वापरात यायच्या कितीतरी आधी. म्हणजे बी आणि गोळी यांत मूळ औषध एकच. बियांत ते साधारण ४ ते ६ टक्के असतं. तुमचा चमचा ५ ग्रॅमचा धरला तर २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा झाला, अप्पांच्या दोन-तीन गोळ्यांइतका. एरवी त्यातला बराचसा मेंदूबाहेर संपतो, त्यानेच मळमळ होते, उठताना रक्तदाब पडतो. पण तुम्ही साडेपाचला चूर्ण आणि सहाला सिंडोपा दिलीत. सिंडोपातला कार्बिडोपा या चूर्णातल्या लेव्होडोपालाही वाचवतो. म्हणून सातला एवढा जोर आला.

लंडनमध्ये ८ पेशंटवर केलेली तपासणी २००४ साली छापली गेली. ३० ग्रॅम चूर्ण दिल्यावर गोळीपेक्षा लवकर आणि जास्त वेळ परिणाम दिसला होता. लोक हे वाचून घरी सुरू करतात. पण तिथं आधीची गोळी चालू ठेवून वर चमचा घातला नव्हता. एका वेळी एकच दिलं होतं, डॉक्टर शेजारी बसलेले, दर थोड्या वेळाने रक्त तपासलेलं. शिवाय प्रत्येक डब्यात लेव्होडोपा सारखा नसतो. झाडाच्या जातीवर, शेतावर, शोधनावर तो बदलतो. शोधन म्हणजे बी गाईच्या दुधात उकळून साल काढणं. बाजारच्या डब्यात ते झालंय की नाही ते वरून कळत नाही. या डब्यात ४ टक्के, पुढच्यात ६, आणि अप्पांच्या मेंदूला रोज वेगळा हिशेब.

माझ्याकडे सिंडोपा चालू असलेला पेशंट आला तर मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी कवचबीज देत नाही. तुम्ही उद्या फोनवर त्यांना "रोज ५ ग्रॅम कवचबीज, दोन महिने" असं आकड्यात सांगा आणि कसं थांबवायचं ते त्यांच्याकडूनच घ्या. दोन महिने रोज गेलंय, मनानेच एका रात्रीत बंद करू नका.

एक विचारायचं राहिलं. अप्पांचं पोट साफ होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, घरोघरी हे कुणी लिहीत नाही. या आजारात बद्धकोष्ठ हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं, आणि पोट सुस्त असलं की गोळी जठरातच पडून राहते. रात्री इसबगोल, गोळीपासून दोन तास लांब, भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर इसबगोलाचाच गोळा बसतो.

---

जुळे सोलापूरची लेक (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.०५)

काका, ताई, उशीर झाला. सगळं सांगते.

पाकीट सापडलं. मेटोक्लोप्रमाइडच होतं. ते कार्ड केलंय, अप्पांच्या बंडीच्या खिशात आहे.

डॉक्टरांना मंगळवारीच फोन केला, त्यांनी गुरुवारी बोलावलं. सहा डबे पिशवीत घालून नेले. ओरडले नाहीत. सगळे डबे टेबलावर ओळीने लावले आणि कवचबीजाचा डबा उचलून म्हणाले, "हे मला आधी कळायला हवं होतं, मी पुढच्या वेळी डोस वाढवणारच होतो." चूर्ण त्यांनी आठ दिवसांत कमी करत बंद करायला लावलं, मधे एकदा फोनवर विचारपूस केली. क्यू-टेन आणि ई बंद. सिंडोपा तेवढीच ठेवली, फक्त सकाळची साडेसातला, दुपारची साडेबाराला आणली, म्हणजे दोन्ही खाण्याआधी अर्धा तास.

बी-१२ आलं १६४. डी १३. अप्पांना इंजेक्शनं सुरू झाली आणि डीची पुडी आठ आठवड्यांसाठी. लोह व्यवस्थित आहे, म्हणून मल्टिव्हिटॅमिन बंद. नसांची गोळीही बंद, बी-१२ इंजेक्शनातून जातंच आहे म्हणाले. प्रोटीन पावडर ठेवली आहे, अर्धी, रात्री आठला, शुगर बघून.

पोटाचं तुम्ही विचारलंत ताई, अप्पा तीन-तीन दिवस जात नव्हते. मला सांगितलंच नव्हतं. आणि पाणीही जाणूनबुजून कमी प्यायचे, कारण अडकले की न्हाणीघरापर्यंत पोहोचता येत नाही आणि नळाच्या दिवसाचं पाणी पुरवायचं असतं. हे ऐकून मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले. आता त्यांच्या खुर्चीपाशी वेगळा तांब्या असतो, संध्याकाळपर्यंत दोनदा भरायचा.

सकाळी नऊला उठून चालतायत. रोज नाही, पण आठवड्यातले पाच दिवस तरी. संध्याकाळचे झोके गेले. उंबऱ्याला मात्र अजून पाय चिकटतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून फरशीवर पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, त्यांच्यावरून पाऊल टाकायचं. अप्पा एकेक पट्टी ओलांडतात ते बघून माझा धाकटाही त्यांच्या मागून पट्ट्या ओलांडत जातो.

भावाला मी सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मीच अप्पांना..." मी म्हटलं नाही रे, पेल्यात घालून मी दिलं. आपण दोघांनी मिळून दिलं, प्रेमानेच दिलं. तो आता दर दुसऱ्या शनिवारी येणार म्हणतो. आज आलाय. सकाळी अप्पांना तलावावर घेऊन गेला होता, अर्धी फेरी झाली.

दोन प्रश्न उरलेत. साडेसातच्या गोळीबरोबर अप्पांना चहा लागतो, चाळीस वर्षांची सवय, पहिल्या पाळीची. चहातल्या दुधाने बिघडेल का? आणि अप्पा स्वतः वही लिहायला लागलेत, गोळी किती वाजता चढली, किती वाजता उतरली. पण अक्षर इतकं मुंगीएवढं की डॉक्टरांना वाचता येणार नाही. मी लिहून देऊ का, की त्यांनाच लिहू द्यावं?

---

निवृत्त मेडिकलवाला (रविवार, सकाळी ६.५०)

ताई, १६४ आणि १३ हे आकडे वाचले आणि मिसेसची फाइल काढून बसलो होतो. तुम्ही वेळेवर तपासलंत. अप्पा अर्धी फेरी चालले हे वाचून फार बरं वाटलं.

गोळी पाण्याबरोबर. चहा आठला. चहातलं दूध थोडं असतं, त्याने मोठं नुकसान होत नाही, पण अर्धा तास थांबता येत असेल तर थांबावं. पहिल्या पाळीचे असतील तर आधी गोळी, मग चहा, असं त्यांच्या वेळेत बसवून द्या. माझे वडील मिलमध्ये होते, भोंग्याच्या वेळा त्यांनी म्हातारपणीही मोडल्या नाहीत. मोबाइलचा गजर अप्पांच्या आवडीच्या आवाजात लावा.

वही त्यांनाच लिहू द्या. दुकानात चार रेघी वही मिळते, पहिलीच्या मुलांची, मोठ्या रेघांची. रेघा डोळ्यांसमोर असल्या की अक्षर मोठं येतं, मिसेसचं यायचं. जाड पेन द्या. आणि वेळ लिहिताना आकडा वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत टेकवायचा, असं सांगा. जॉबर माणूस आहे, माप बरोबर धरेल. ती वही पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि भावाला सांगा, शनिवारी आला की ती आधी वाचायची.

बी-१२ची पुढची तपासणी तीन महिन्यांनी असते. विसराल म्हणून मीच तेव्हा इथे आठवण करून देईन.